एक टोक की दोन

विज्ञानाच्या बाई शाळा सुटल्यावर थेट काचवाल्याच्या दुकानात गेल्या आणि त्यांनी वहीएवढा, बिनचौकटीचा, कडा घासलेला आरसा मागितला. काचवाला जुना माणूस आणि थट्टेखोर. काच कापता कापता म्हणाला, "बाई, एवढ्याशा आरशात तोंडसुद्धा अर्धंच दिसेल. करायचंय काय त्याचं?"

"हात बघायचाय," बाई म्हणाल्या.

"अहो, हातच्या काकणाला आरसा कशाला! मान खाली घातली की दिसतो की हात."

एरवी बाई चष्म्याआडून हसल्या असत्या. हसऱ्याच होत्या. त्यांच्या पर्समध्ये रुमाल कमी आणि लोहचुंबक जास्त, असं शाळेतली पोरं म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण ज्या हातासाठी आरसा हवा होता तो मान खाली घालून दिसण्यासारखा उरला नव्हता. त्यांनी आरसा वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला आणि घरची वाट धरली.

तो हात त्यांच्या धाकट्या बहिणीचा. आईवडील गेल्यापासून दोघी बहिणी एकमेकींना धरून राहत होत्या. धाकटी कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. हॉस्पिटलच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे येत. तापलेल्या दोन रोलरांमध्ये ओली चादर सरकवायची, पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडायची, हे तिचं काम. एके दिवशी चादरीला चुणी पडली. ती काढायला धाकटीनं डावा हात पुढे केला, आणि चादरीबरोबर हातही आत गेला. डॉक्टरांनी तो मनगटाच्या वरून काढून टाकला. यथावकाश जखम भरली, टाके निघाले, सगळं झालं. पण हात काही जाईना.

आता तुम्ही म्हणाल, काढून टाकलेला हात जाईना म्हणजे काय? अहो, तेच तर सांगतोय. डोळ्यांना तो दिसत नव्हता, पण धाकटीला जाणवत होता, चांगला पाचही बोटांसकट. आणि त्याची मूठ आवळलेली होती. रोलरनं ओढला तेव्हा जशी आवळली गेली तशीच, नखं तळहातात रुतलेली. "ताई, माझी मूठ उघड गं... कुणीतरी उघडा गं," म्हणून ती रडायची, उशी दातांत धरायची. नसलेली मूठ उघडणार कोण आणि कशी? गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा भ्रम आहे.

"भ्रम आहे ना? मग भ्रमानंच घालवू," बाई म्हणाल्या. "काट्यानं काटा काढायचा."

युक्ती त्यांनी कुठेतरी वाचलेली होती. बुटांचा रिकामा खोका घेतला, त्याच्या मधोमध आरसा उभा केला. धाकटीनं उजवा हात आरशासमोर ठेवायचा आणि डावा, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा, आरशामागे. आरशात बघितलं की उजव्याचं प्रतिबिंब बरोबर डाव्याच्या जागी दिसायचं. जणू गेलेला हात परत येऊन बसलाय.

"आता दोन्ही मुठी मीट," बाई म्हणाल्या. "आरशातच बघ हं, इकडेतिकडे नको. हं... आता हळूहळू उघड."

धाकटीनं उजवी मूठ उघडली. आरशातली उघडली. ती बघतच राहिली. मग तिचे खांदे खाली आले, आणि गळ्यातून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, ते बाईंना कळेना.

"उघडली गं ताई! उघडली माझी मूठ!"

बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि दोघी मनसोक्त रडल्या. कित्येक दिवसांत त्या घरात इतकं बरं काही घडलं नव्हतं.

तिथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाईंचा जीव पडला प्रयोगात. शाळेत ज्ञानेंद्रियांचा धडा यायचा होता, त्याची तयारी म्हणून जेवणाचं अर्धं टेबल त्यांनी अडवलेलं होतं. गरम, गार आणि कोमट पाण्याचे वाडगे, डोळ्यांवर बांधायची पट्टी, वासासाठी कापसाचे बोळे, चवीसाठी साखर-मीठ, पिशवीत हात घालून ओळखायच्या वस्तू. आणि कंपासपेटीतला डिव्हायडर, तो दोन टोकांचा. डोळे मिटलेल्या माणसाला कधी एक टोक टेकवायचं, कधी दोन्ही, आणि विचारायचं, एक की दोन? बोटाच्या टोकाला अचूक कळतं. पाठीला कळत नाही, तिथे दोनाचं एकच वाटतं. लहानपणापासून बाईंचे सगळे प्रयोग आधी धाकटीवर व्हायचे. "मी हिचा उंदीर," असं ती अभिमानानं सांगायची. मूठ उघडल्यावर तिला हुरूप आला आणि ती आपणहून म्हणाली, "चल ताई, कर तुझे प्रयोग. उंदीर तयार आहे."

बाईंनी डिव्हायडर तिच्या गालाला हलकेच लावला तशी धाकटी दचकली.

"अगं, अंगठ्याला लागलं!"

"कुठल्या अंगठ्याला?"

"त्या... नसलेल्या."

बाई आनंदानं उडाल्याच. मेंदूत हाताची खोली आणि चेहऱ्याची खोली शेजारी शेजारी असते, त्यांनी समजावलं. हाताची खोली रिकामी झाली की शेजारच्या भिंतीतून ओल झिरपते, तसं हे. धाकटीला गंमत वाटली. आरशातली मूठ उघडी ठेवून, डोळे मिटून ती बसून राहिली आणि बाई चहा टाकायला आत गेल्या.

चहाला उकळी येताना त्यांनी ऐकलं, बाहेर धाकटी बोलत होती.

"एक... दोन... दोन... एक. दोन."

"कुणाशी गं बोलतेस?" बाई दाराशी आल्या.

"तुझ्याशीच. टोचतेयस ना मघापासून?" धाकटी डोळे मिटूनच म्हणाली. "आता तळहातावर. एक."

डिव्हायडर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कंपासपेटीत, बंद होता.

स्पर्श विसरायला मेंदूला वेळ लागतो, दिवसभर टोपी घातली की काढल्यावरही डोक्यावर असल्यासारखी वाटते, तसंच हे असणार, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीला कशानंही स्पर्श केला नाही. फक्त आरसा मांडला, मूठ उघडायला लावली आणि समोर हाताची घडी घालून बसल्या. थोड्या वेळानं धाकटी म्हणाली, "आलं. एक टोक... करंगळीवर."

आता इथे बाईंच्या जागी दुसरी कुणी असती, मी असतो, तुम्ही असता, तर आरसा उचलून फेकून दिला असता. पण मास्तरकीचा एक रोग असतो. प्रश्न कानावर पडला की उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. बाई पोरांना सांगायच्या, एकदा झालं तर योगायोग, पुन्हा पुन्हा झालं तर निरीक्षण. त्या पुढे सरसावल्या आणि म्हणाल्या, "असं कर. एक टोक लागलं की मूठ मीट. दोन लागली की उघडीच ठेव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आरशात बघून धाकटी मूठ मिटायची, उघडायची, आणि तिकडचा हातही तेच करायचा. म्हणजे तिकडे जो कोणी टोचत होता त्याला आता उत्तरं मिळायला लागली. प्रयोगात एक तपासणारा असतो आणि एक तपासला जाणारा, हे बाईंना का ठाऊक नव्हतं? पण आपण त्यातल्या कोण, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. उत्तरं बिनचूक येत होती, आणि त्या खूश होत्या.

मग टोचणं थांबलं. धाकटी म्हणाली, "हात पाण्यात घातलाय कुणीतरी. गार आहे... बाई गं, किती गार. आता कोमट."

त्यानंतरच्या दिवशी त्यांनी पुन्हा आरसा मांडला. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या, शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता, चांगलं लख्ख ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं. आणि धाकटीच्या कपाळावर घाम फुटला होता.

"ताई... तळहाताजवळ नाक आणलंय."

"कुणी?"

"माहीत नाही. श्वास आत ओढतंय. वास घेतंय गं माझ्या हाताचा... लांब लांब... सोडतच नाही श्वास. नुसता आत."

"पुरे. हात काढ," बाई म्हणाल्या.

"थांब..." धाकटी म्हणाली. "जीभ. ताई, जीभ लावली. बोटं... एकेक बोट तोंडात..."

बाईंनी झटक्यानं आरसा आडवा केला. स्पर्श, गरम-गार, वास, चव. त्यांच्याच टेबलावरचे प्रयोग, एकामागून एक. टेबलावरचे वाडगे, बोळे, पिशवी, सगळं त्यांनी गोळा करून मोरीत नेऊन ठेवलं आणि मोरीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी धाकटीनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई, माझा हात कुठे टाकला गं त्यांनी?"

हॉस्पिटलात बाईंनी सतरा कागदांवर सह्या केल्या होत्या, औषधं विचारली होती, पथ्य विचारलं होतं. हे तेवढं विचारलं नव्हतं.

"लावतात विल्हेवाट," त्या म्हणाल्या. "रीतसर."

"पुरतात का जाळतात?"

"नको ना तो विषय."

"जाळला नसावा," धाकटी म्हणाली. "ओल आहे तिकडे."

आरसा कपाटावर गेला, तोंड भिंतीकडे करून. आणि मूठ परत आवळली. आवळली म्हणजे अशी की आधीचं दुखणं परवडलं म्हणावं. नखं तळहातातून आरपार निघाली की काय, अशी धाकटी कळवळायची. तिनं जेवण सोडलं. तिच्या किंचाळण्यानं शेजारीण दोनदा दार वाजवून गेली. बाई तिच्या उशाशी बसून नुसत्या डोक्यावरून हात फिरवायच्या. दुसरं होतं काय हातात? इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी धाकटीच म्हणाली, "काढ तो आरसा."

"वेड लागलंय का तुला? ते जे काय आहे..."

"ते तपासतं नुसतं, ताई. दुखवत नाही. हे दुखतं. माझ्याच्यानं आता होत नाही गं. नाहीतर मारून टाक मला."

बहिणीच्या तोंडचं हे वाक्य ऐकून कोणती बाई गप्प बसेल? त्यांनी आरसा काढला. सुट्टीचा दिवस होता, भर दुपार. बाईंनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पडदे बांधून ठेवले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, मूठ उघडली की लगेच आरसा आडवा. एक क्षणही जास्त नाही.

धाकटीनं आरशात बघत मूठ उघडली. चेहऱ्यावरची शीर न् शीर सैल झाली. बाईंनी आरशाकडे हात नेला.

"थांब," धाकटी कुजबुजली. "मनगट धरलंय. हात उचललाय माझा... कशावर तरी ठेवलाय. ओळखायला दिलंय, ताई. पिशवीतल्या वस्तूंसारखं."

"नको ओळखूस. नको बोलूस!"

पण धाकटीचे डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. "कपाळ आहे... भुवया... नाक. थंड आहे सगळं. कानावर दांडी आहे... चष्मा. हनुवटीला खोक आहे, आडवी..."

बाईंचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीकडे गेला. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्या होत्या, तेव्हाची खोक.

"ताई, तू आहेस ही."

"मी इथे आहे गं! तुझ्यासमोर आहे! बघ माझ्याकडे!"

"चेहरा तुझाच आहे... पण डोळे उघडे आहेत. माझं बोट बुबुळावर ठेवलंय... मिटत नाहीत. ओले आहेत, पण मिटत नाहीत..." आणि एकाएकी ती किंचाळली. "ओढतंय! ताई, ओढतंय मला!"

बाईंनी आरसा उचलून भिरकावला. भिंतीवर आपटून त्याचे तुकडे तुकडे झाले. तरी ओढणं थांबलं नाही. धाकटीच्या डाव्या बाहीचं टोक दुमडून पिनेनं लावलेलं होतं, ते ताणलं गेलेलं बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. समोर काही नव्हतं, रिकामा खोका होता, आणि बाही त्या खोक्याच्या दिशेनं ताठ झाली होती. पिन सुटून उडाली. धाकटी खुर्चीवरून टेबलावर आडवी झाली, तिची छाती टेबलाच्या कडेला दाबली गेली. "मला जायचं नाही, ताई... मला नाही जायचं..."

बाईंच्या डोक्यात त्या वेळी विज्ञान नव्हतं की काही नव्हतं. त्यांनी आपला डावा हात खोक्यात घातला, धाकटीच्या उरलेल्या हाताला लावून, जिथे तिचा पंजा असायला हवा होता बरोबर तिथे. पंजा उघडा ठेवला.

"तिला सोड," त्या म्हणाल्या. "हा घे."

खोली इतकी शांत झाली की शेजारचा रेडिओ ऐकू यायला लागला.

"सोडलं," धाकटी म्हणाली.

बाईंनी हात बाहेर काढला. सगळी बोटं होती. ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले, खोटं कशाला सांगू? धाकटीची मूठ गेली. मूठच काय, हातच गेला. "कुठ्ठेच नाही गं ताई," असं म्हणत ती नसलेल्या जागी उजवा हात फिरवून दाखवायची आणि हसायची. रात्रभर गाढ झोपायला लागली. दोन घास जास्त जेवायला लागली. एका हातानं वेणी घालायचा खटाटोप करून स्वतःलाच शिव्या द्यायला लागली. बाईंनी वर्गात ज्ञानेंद्रियांचा धडा तोंडीच शिकवला. प्रयोग का नाहीत म्हणून पोरं हिरमुसली, तर दटावून गप्प केली. आपला डावा हात जरा जड, बधिर वाटतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण एवढं घडल्यावर अंग जड वाटणारच.

अशीच एक सकाळ होती. धाकटी बाहेरच्या खोलीत आडवी पडून रेडिओ ऐकत होती. बाई ओट्याशी कांदा चिरत होत्या आणि मनात शाळेची उजळणी चालली होती.

"आई गं!" बाहेरून धाकटी ओरडली.

"काय झालं?" बाईंनी आतूनच विचारलं.

"माझं बोट... ताई, माझं बोट कापलं!"

धाकटी धावत दारात आली. उजवा हात तिनं हवेत धरला होता, डाव्या पंजाच्या जागी, जणू काही दाबून धरलंय. तिची नजर ओट्याकडे गेली आणि ती जागच्या जागी थिजली.

बाईंनी खाली पाहिलं. कांद्याखालची फळी लाल झाली होती. सुरी डाव्या हाताच्या पहिल्या बोटात अर्ध्यावर रुतलेली होती, आणि त्या तशाच चिरत होत्या. त्यांना काही कळलंच नव्हतं. आताही कळत नव्हतं.

सुरी खाली ठेवून त्यांनी उजव्या हातानं ते बोट दाबलं.

"नको दाबूस!" धाकटी कळवळली. "दुखतंय मला!"

मग दोघींना उमगलं. धाकटी कोपऱ्यातलं फडकं घेऊन आली, एका हातानं आणि दातांनी गाठ मारता मारता हमसून हमसून रडायला लागली. "का केलंस ताई? माझ्यासाठी कशाला केलंस? असं कसं केलंस गं..."

"तुझी मूठ बघवत नव्हती मला," बाई म्हणाल्या. "रडू नकोस. मला काही दुखत नाही."

त्यांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकून डोळे मिटले. हा जर धाकटीचा, तर आपला कुठे आहे? त्यांनी शोधायला सुरुवात केली, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तशी. आधी काही लागेना. मग लागला. लांब होता, खूप लांब, गार आणि ओलसर जागी, उताणा पडलेला. आणि तो एकटा नव्हता. दोन्ही बाजूंना, बोटाला बोट घासत, आणखी हात होते. काही राठ, काही मऊ, काही म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले. सगळे गप्प पडून होते, कुणाची तरी वाट बघत.

त्यांतल्या सगळ्यांत लहान हातानं चाचपत चाचपत बाईंची करंगळी शोधून काढली आणि घट्ट धरून ठेवली.